साक्षीदाराची उलटतपासणी : मेंदूतील एका ग्राहीच्या प्रतिपिंडाचा इतिहास

भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने मांडला. स्मृतिभ्रंशाच्या कारणांमध्ये अल्झायमरचा आजार अग्रस्थानी आहे. या आजारात पेशीच्या आत काय बिघडते, याविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग एका अगदी साध्या दिसणाऱ्या साधनावर उभा आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवलेली बोटाच्या पेराएवढी कुपी, तिच्या तळाशी दोन-तीन थेंब रंगहीन द्रव, आणि त्या द्रवात मेंदूतील एका विशिष्ट प्रथिनाला ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंडाचे रेणू. कुपीवरचे लेबल सांगते की, हे प्रतिपिंड ‘सॉर्ला’ नावाच्या प्रथिनासाठी आहे. लेबल खरे बोलते का, हा प्रश्न गांभीर्याने विचारायला विज्ञानाला बरीच दशके लागली. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

पेशीतले टपालखाते

प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने सतत तयार होत असतात आणि प्रत्येकाला ठरावीक ठिकाणी पोहोचवावे लागते. काहींची रवानगी पेशीच्या पृष्ठभागाकडे होते, काही बाहेर सोडली जातात, काहींना मोडीत काढण्यासाठी पाठवले जाते. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्त्यांनुसार पत्रे खणांत टाकणाऱ्या सॉर्टरचे जे काम, तेच पेशीत ‘वर्गवारी ग्राही’ या गटातील प्रथिने करतात. चेतापेशीत हे काम विशेष अवघड असते, कारण तिचे तंतू पेशीच्या मुख्य देहापासून फार दूरवर पसरलेले असतात.

सॉर्ला हा चेतापेशींतील असाच एक सॉर्टर आहे. त्याच्याकडे येणाऱ्या मालात अमायलॉइडचे पूर्वप्रथिन असते. हे पूर्वप्रथिन पेशीतील ‘एन्डोसोम’ या पिशव्यांमध्ये रेंगाळले, तर तेथील विकरे त्याचे तुकडे करतात आणि त्यांतून अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणारा बीटा-अमायलॉइड निर्माण होतो. सॉर्ला त्या पूर्वप्रथिनाला धरून गॉल्जी या केंद्राकडे परत नेतो, आणि ते कापले जाण्याची शक्यता कमी करतो. सॉर्टरच गैरहजर असेल, तर माल चुकीच्या खणात पडून राहतो.

या कुळाचा पहिला धागा मेंदूत सापडला नव्हता; तो सापडला पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. १९९४ मध्ये अमेरिकेतील स्कॉट एमर यांच्या गटाने दाखवले की, यीस्टमधील एका विकराला योग्य कप्प्यात पोहोचवणारा ग्राही ‘व्हीपीएस-१०’ या जनुकातून तयार होतो. १९९६ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या ऊतीतून एक मोठे प्रथिन वेगळे केले. त्याच वर्षी जपानमधील संशोधकही स्वतंत्रपणे त्याच प्रथिनापर्यंत पोहोचले. त्याचा एक भाग यीस्टच्या ग्राहीशी जुळत होता, तर दुसरा भाग कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांच्या ग्राहीशी. या दुसऱ्या भागात एकाच प्रकारची ११ आवर्तने असल्याने त्याला ‘एलआर-११’ असे नाव मिळाले. सॉर्ला हे त्याचेच दुसरे नाव. २,२१४ अमिनो आम्लांची ही साखळी प्रथिनांच्या जगात चांगलीच थोराड म्हणावी लागेल. १९९७ मध्ये ऑर्हूसच्याच गटाने त्याच्या धाकट्या भावंडाची, ‘सॉर्टिलिन’ची, ओळख करून दिली.

प्रथिनाचा क्रम कळला म्हणजे प्रथिन दिसले असे होत नाही. ते मेंदूच्या कोणत्या भागात आहे, पेशीच्या कोणत्या कप्प्यात आहे, आजारात वाढते की घटते, हे कळण्यासाठी त्याला शोधून काढणारे काहीतरी हवे. ते काम प्रतिपिंडाचे.

औषध ते साधन

प्रतिपिंडांची कथा सुरू होते ती औषध म्हणून. १८९० मध्ये बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवले की, धनुर्वात व घटसर्पाच्या विषांना सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात असे काही असते, जे दुसऱ्या प्राण्याला त्याच विषापासून वाचवते. ते ‘काही’ म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही घोड्यांच्या रक्तद्रवातून औषध तयार होऊ लागले. भारतात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्था आणि मुंबईत परळ येथील हाफकिन संस्था यांनी विसाव्या शतकात याच तत्त्वावर सर्पदंशावरील प्रतिविष बनवले. घोड्याला विषाच्या चढत्या मात्रा द्यायच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे माणसाला द्यायची, ही ती पद्धत.

या टप्प्यावर प्रतिपिंडाची परीक्षा कठोर पण सरळ होती. प्रतिविष खरे असेल तर रुग्ण वाचण्याची आशा असे. खोटे असेल तर ते लवकरच उघड होई.

पुढे प्रतिपिंडाचे साधन झाले. १९४१ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडला. प्रतिपिंड जिथे चिकटेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली उजेड दिसू लागला. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने रक्तातील अत्यल्प इन्सुलिन प्रतिपिंडांद्वारे मोजून दाखवले. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये बाझेलमधील संशोधकांनी जेलमध्ये आकारानुसार वेगळी झालेली प्रथिने पातळ पटलावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. डीएनएसाठीच्या अशाच पद्धतीला एडविन सदर्न यांच्या आडनावावरून ‘सदर्न ब्लॉट’ म्हटले जात होते. सदर्न म्हणजे दक्षिणेकडील, ही कोटी पुढे नेत १९८१ मध्ये प्रथिनांच्या पद्धतीला ‘वेस्टर्न ब्लॉट’ हे नाव देण्यात आले आणि ते रूढ झाले.

साधन झाल्यावर मात्र प्रतिपिंडाच्या परीक्षेचे स्वरूप पालटले. औषध चुकले तर रुग्णाच्या प्रकृतीवरून ते कळत असे. साधन चुकले तर पटलावर एक पट्टी उमटते, ऊतीवर रंग चढतो, सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर चित्र दिसते आणि सारे काही ठीक असल्याचा भास होतो. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटले तरी ते तितक्याच ठामपणे चमकते. न्यायालयात साक्षीदाराच्या आवाजातील ठामपणा हा सत्याचा पुरावा मानला जात नाही. म्हणून तर उलटतपासणी असते. प्रयोगशाळेत ती अनेक वर्षे होत नव्हती.

फिकट पडलेल्या पेशी

सॉर्लाच्या बाबतीत ही साक्ष निर्णायक ठरली ती २००४ मध्ये. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तपेशींपासून वाढवलेल्या पेशींत हजारो जनुकांची सक्रियता तपासली. सॉर्लाच्या जनुकाची सक्रियता रुग्णांमध्ये घटलेली आढळली. मग त्यांनी मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंचे पातळ छेद घेऊन त्यांवर सॉर्लाचे प्रतिपिंड लावले. निरोगी मेंदूतील चेतापेशी ठळक रंगल्या. अल्झायमरग्रस्त मेंदूतील अनेक चेतापेशी फिकट राहिल्या. पुढील काही वर्षांत, आजाराच्या आधीच्या पायरीवर असलेल्या, म्हणजे सौम्य बोधनक्षीणता असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही हीच घट नोंदवली गेली.

एका प्रतिपिंडाच्या फिकट रंगावर इतका मोठा निष्कर्ष विसंबू शकतो का? त्याचे उत्तर दुसऱ्या दिशांनी आले. २००५ मध्ये बर्लिन व ऑर्हूस येथील संशोधकांनी सॉर्लाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइडचे प्रमाण वाढलेले दाखवले. २००७ मध्ये अनेक देशांतील कुटुंबांच्या व रुग्णांच्या अभ्यासातून सॉर्लाच्या जनुकातील काही बदलांचा अल्झायमरच्या जोखमीशी संबंध असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर हे प्रथिन निरुपयोगी करणारे दुर्मीळ जनुकीय बदल रुग्णांमध्ये अधिक प्रमाणात आढळू लागले.

जनुकाची सक्रियता, ऊतीतील प्रथिन, जनुक काढलेला उंदीर आणि मानवी आनुवंशिकता हे चार स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते. सॉर्लाविषयीचा निष्कर्ष टिकला त्याचे कारण हे. प्रतिपिंडाची साक्ष महत्त्वाची होती, पण खटला तिच्या एकटीवर चालला नाही.

एकच प्रथिन, अनेक रूपे

सॉर्लासाठीचे प्रतिपिंड तपासताना आणखी एक पेच पुढे येतो. प्रतिपिंड संपूर्ण प्रथिनाला ओळखत नाही; त्याच्या एखाद्या छोट्या भागाला ओळखते. सॉर्लाचा बहुतांश देह पेशीपटलाच्या बाहेर किंवा पिशवीच्या आत असतो आणि एक आखूड शेपूट पेशीद्रवात असते. विशिष्ट विकर त्याचा बाहेरचा भाग कापून मोकळा करते. हा मोकळा भाग मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही सापडतो. बाहेरच्या भागावर चिकटणारे प्रतिपिंड अखंड सॉर्ला आणि कापलेला तुकडा या दोहोंना ओळखेल. शेपटीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला तो मोकळा तुकडा दिसणारच नाही. दोन प्रयोगशाळांनी अशी दोन भिन्न प्रतिपिंडे वापरली, तर ‘सॉर्ला वाढला’ आणि ‘सॉर्ला घटला’ असे परस्परविरोधी निष्कर्ष निघू शकतात आणि दोन्ही प्रतिपिंडे आपापल्या परीने खरी असू शकतात.

तसेच वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडून सरळ केलेले असते, तर पेशीत ते आपल्या घडीत असते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत त्याचे रूप आणखी वेगळे होते. एका प्रयोगात उत्तम चालणारे प्रतिपिंड दुसऱ्या प्रयोगात आंधळे ठरू शकते. त्यामुळे ‘हे प्रतिपिंड चांगले आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी चांगले आहे’ असेच विचारावे लागते.

ससा, संकरपेशी आणि क्रम

सुरुवातीच्या काळात संशोधनाची प्रतिपिंडे मुख्यतः सशांच्या रक्तातून मिळवली जात. प्रथिनाचा तुकडा टोचायचा, काही आठवड्यांनी रक्त घ्यायचे. त्या रक्तात एकाच प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची सरमिसळ असे. एका सशाचे रक्त दुसऱ्यासारखे नसते. ससा मेला की तो साठा संपला. पुढच्या सशाकडून मिळणारे द्रव्य त्याच नावाने विकले गेले तरी ते वेगळे द्रव्य असे.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी यावर उपाय शोधला. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी त्यांनी कर्कपेशीशी जोडली. पहिलीचे कसब आणि दुसरीची अमर्याद वाढण्याची क्षमता एकत्र आली आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड सातत्याने देणारी संकरपेशी तयार झाली. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले. पुढे यातून औषधांचा आणि चाचणीसंचांचा प्रचंड उद्योग उभा राहिला.

ही संकरपेशीही निर्दोष नव्हती. गोठवून ठेवलेल्या पेशी मरतात, त्यांतील जनुके हरवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८५ संकरपेशी तपासल्या, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश पेशींत अपेक्षित प्रतिपिंडाखेरीज आणखी प्रतिपिंड-साखळ्या आढळल्या. एकजिनसी मानलेल्या द्रव्यात भेसळ निघाली, तीही कोणी न करता.

तिसरा टप्पा आता सुरू आहे. प्रतिपिंडाचा क्रम वाचायचा, तो डीएनएच्या रूपात साठवायचा आणि हवा तेव्हा वाढवलेल्या पेशींत त्याच क्रमाचे प्रतिपिंड बनवायचे. येथे प्रतिपिंडाचे अस्तित्व एखाद्या प्राण्यावर किंवा फ्रीझरमधील पेशीवर अवलंबून राहत नाही. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती काढावी तशी त्याची प्रत काढता येते.

उलटतपासणी

दरम्यान चुकांची किंमत पुढे येऊ लागली होती. टोरांटोतील संशोधकांचा एक गट स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून एका प्रथिनाचा पाठपुरावा करत होता. दोन वर्षे, सुमारे पाच लाख डॉलर आणि रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडल्यावर ध्यानात आले की, विकत घेतलेला चाचणीसंच भलतेच प्रथिन ओळखत होता. २०१७ मध्ये स्त्रीसंप्रेरकाच्या एका ग्राहीसाठी वापरल्या जाणाऱ्या १३ प्रतिपिंडांची कसून तपासणी झाली; त्यांपैकी केवळ एक विश्वासार्ह ठरले. त्या ग्राहीवरील बऱ्याच जुन्या संशोधनाचा पायाच त्यामुळे डळमळला.

२०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथुन यांनी शंभरहून अधिक संशोधकांच्या पाठिंब्यासह ‘नेचर’मध्ये जाहीर मागणी केली की, संशोधनातील प्रतिपिंडे त्यांच्या क्रमावरून ओळखली जावीत. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासणीचे पाच मार्ग मांडले: जनुक काढलेल्या पेशींवर प्रतिपिंड लावून पाहणे, प्रतिपिंडाविना होणाऱ्या मापनाशी निकाल ताडून पाहणे, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड वापरणे, खूण जोडलेल्या प्रथिनाशी तुलना करणे, आणि प्रतिपिंडाने नमुन्यातून नेमके काय ओढून काढले, हे वस्तुमान वर्णपटाने ओळखणे.

यांतील पहिला मार्ग सर्वांत बोलका आहे. जनुक-संपादनाच्या तंत्राने सॉर्लाचे जनुक काढून टाकलेली पेशी आणि तिचीच अखंड बहीण शेजारी ठेवायची, आणि दोघींवर तीच कुपी वापरायची. पहिल्या पेशीतही पट्टी उमटली, तर ती पट्टी सॉर्लाची नव्हे.

हीच कसोटी घेऊन मॉन्ट्रियल येथील एका मुक्त-विज्ञान गटाने चेताविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात दिलासा आणि इशारा दोन्ही होते. प्रयोगाच्या प्रकारानुसार ५० ते ७५ टक्के प्रथिनांसाठी निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारात उपलब्ध होते. मात्र आपले प्रथिन न ओळखणारी प्रतिपिंडेही सर्रास वापरली गेली होती. दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंधांत अशा प्रतिपिंडाने मिळवलेली माहिती होती. क्रमावरून बनवलेली प्रतिपिंडे सशाच्या मिश्र द्रव्यापेक्षा आणि संकरपेशीच्या प्रतिपिंडांपेक्षाही सरस ठरली. या तपासणीत काही उत्पादक कंपन्या स्वतः सहभागी झाल्या होत्या आणि अपयशी ठरलेली अनेक उत्पादने त्यांनी मागे घेतली किंवा त्यांच्या शिफारशी बदलल्या.

भारतातील प्रयोगशाळेपुढचा प्रश्न

हा इतिहास परदेशातील असला तरी त्याची झळ भारतीय प्रयोगशाळांना अधिक बसते. संशोधनासाठीची बहुतेक प्रतिपिंडे आयात होतात. दोन-तीन थेंबांसाठी हजारो रुपये मोजावे लागतात, वाहतुकीत शीतसाखळी तुटण्याचे भय असते आणि कुपी निकामी निघाली तर विद्यार्थ्याचे कित्येक महिने वाया जातात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेण्यात आले, तेव्हा देशभरातील संशोधकांमध्ये अस्वस्थता पसरली. ऑगस्टच्या प्रारंभी संशोधनासाठी जुना दर पुन्हा लागू झाला, पण आपले मूलभूत संशोधन आयातीवर किती अवलंबून आहे, हे त्या काही दिवसांत लख्ख दिसले.

या अडचणीत उलटतपासणी ही चैन वाटू शकते. प्रत्यक्षात जिथे पैसा तुटपुंजा तिथे ती अधिक गरजेची असते, कारण चुकीच्या कुपीचा भुर्दंड तिथेच सर्वांत जड जातो. त्यासाठीचे बरेचसे साहित्य देशात आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी आहे. सॉर्लासारख्या प्रथिनाचा भारतीय रुग्णांमधील अभ्यास अशाच दान मिळालेल्या ऊतींवर होऊ शकतो. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना सेल लाइन पुरवते. जनुक-संपादनाचे तंत्र आता अनेक विद्यापीठांच्या आवाक्यात आले आहे. क्रम खुला असलेले प्रतिपिंड तर आयातही करावे लागत नाही. त्याचा डीएनए बनवून ते इथल्याच पेशींत तयार करता येते.

विद्यार्थ्यांच्या पातळीवरही काही गोष्टी विनाखर्च करता येतात. प्रबंधात ‘सॉर्लाचे प्रतिपिंड वापरले’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. उत्पादनाचा क्रमांक, उत्पादन-तुकडीचा क्रमांक, प्रतिपिंडांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील त्याची ओळख, किती पातळ करून वापरले आणि ते प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते, या नोंदी असतील तर पुढचा संशोधक तोच प्रयोग पुन्हा करू शकतो आणि चूक असेल तर ती शोधूही शकतो. नव्या कुपीचा पहिला प्रयोग रुग्णाच्या अमूल्य ऊतीवर न करता, ज्या पेशीत ते प्रथिन नाही अशा पेशीवर करावा. तिथे पटल कोरे राहिले, तर तो प्रयोग फसला असे समजू नये. जिथे सॉर्ला नाही तिथे गप्प राहणाऱ्या प्रतिपिंडाचेच बोलणे पुढे ग्राह्य धरता येते. मेंदू दान करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा निदान एवढा तरी हक्क आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #चेताविज्ञान #अल्झायमर #भारतीय_विज्ञान